एका पेटीच्या दोन, आणि घरटी एक बाटली

पट्टीकाकांनी गच्चीवरच्या मधपेटीचं झाकण उचललं, तेव्हा आतून मास्तर बाहेर गेलेल्या वर्गासारखा आवाज आला. माश्या पोळ्याच्या चौकटींवर होत्या, चौकटींच्या मधे होत्या, झाकणाला खालून लोंबत होत्या, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नव्हती त्या दारात दाढीसारख्या लटकल्या होत्या. काकांनी खिशातली पट्टी काढून दाढीची लांबी मोजली आणि झाकण परत ठेवलं.

"एकीच्या दोन करायला हव्यात," ते म्हणाले.

ऐकायला कोणी नव्हतं. दुपार होती. रस्त्यावरची झाडं फुलायला लागली होती आणि त्यांचा वास इमारतीचे सगळे मजले चढून वर येईपर्यंत दमून इतका हलका व्हायचा, की हा वास आहे की वासाची आठवण, हे कळत नसे. काका पाण्याच्या टाकीला टेकले. डोळे मिटले की त्यांना नेहमी जिने दिसत. आज पेट्या दिसल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार, गच्चीभर पेट्या, गच्ची संपल्यावर हवेत पेट्या.

पट्टीकाका एका बांधकाम कचेरीत आरेखक होते. म्हणजे दुसऱ्यांची घरं ते कागदावर काढायचे. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे ते स्टीलची पट्टी ठेवत. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. इतकी वर्षं लोकांची घरं काढली, पण आपण काढलं आणि ते आपोआप वाढलं, असं त्यांच्या आयुष्यात काही झालं नव्हतं. कागदावरचा जिना कधी एक पायरीही स्वतःहून वाढत नाही.

माश्यांचं तसं नव्हतं.

पण माश्यांच्या आड इमारतीचे सचिव होते. सचिव वाईट नव्हते, फक्त नियमाचे होते. गच्ची सगळ्यांची, मग गच्चीवरचा मधही सगळ्यांचा, हा त्यांचा नियम. गेल्या हंगामात काकांनी घरटी एक बाटली मध दिला आणि पेटी राहिली. यंदा सचिवांनी जिन्यातच थांबवून सांगितलं, "काका, तुम्ही एक ठेवा नाहीतर दहा ठेवा. घरटी एक बाटली आली पाहिजे. एक जरी कमी भरली, तर दुसऱ्या दिवशी गच्ची मोकळी."

आता अडचण अशी, की ऐन फुलोऱ्यात पेटीची विभागणी केली तर माश्या दोन घरांत वाटल्या जातात, आणि दोन अर्ध्या घरांना मिळून एका पुऱ्या घराइतका मध जमवता येत नाही. विभागणी केली नाही, तर अर्ध्या माश्या राणीला घेऊन एके दिवशी उडून जातात. थोडक्यात, वाटणी केली तर मध जातो, नाही केली तर माश्या जातात. घरोघरच्या भावाभावांना हे ठाऊक आहे.

*

जिन्यात मिळालेले सल्ले, मिळाले त्या क्रमाने:

"साखरेचा पाक ठेवा त्यांच्यासमोर. भरपूर. पण मी सांगितलं असं सांगू नका हं कुणाला." (पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. आवाज अगदी खाली.)

"काका, मला वर न्या. मी नुसतं ऐकून सांगते, राणी आहे की नाही. आहे तेव्हा सूर लागतो. नसली की बेसूर रडतात." (गाण्याच्या बाई.)

"अहो दाजी, सोपं आहे. अर्ध्या चौकटी उचला, दुसऱ्या पेटीत घाला, झालं. मी तीन व्हिडिओ बघितलेत." (मेहुणा, फोनवर. त्याने आयुष्यात पाळलेली एकमेव गोष्ट म्हणजे पथ्य, तेही मोडलं.)

"माझं एवढंच म्हणणं आहे," काकू म्हणाल्या, "की जे काय करायचं ते माझी चादर न घेता करा."

काकांनी चादर घेतली.

*

रविवारी सकाळी त्यांनी विभागणी केली. तोंडावर जाळीची टोपी, हातात काकूंचे भांडी घासायचे मोजे. विभागणी न्याय्य व्हायला हवी, हा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक चौकटीवर पट्टी ठेवून त्यांनी मोजलं: इतकी अंडी-पिल्लं, इतका मध, इतकी रिकामी जागा. मग पत्ते वाटावेत तशा चौकटी वाटल्या. ही तुला, ही तुला. राणी काही दिसली नाही. ती कुठल्या वाट्याला गेली हे न कळल्यामुळे वाटप आणखीच निःपक्षपाती झालं, असं काकांना वाटलं.

जुनी पेटी जागच्या जागी राहिली. नवी टाकीच्या पलीकडे ठेवली.

संध्याकाळपर्यंत न्यायाचा निकाल लागला. बाहेर गेलेली प्रत्येक माशी मधाने जड होऊन परत आली ती सवयीने जुन्याच जागेवर. जुन्या पेटीत पुन्हा दाढी लटकली. नवीत उरली ती अजून उडायला न शिकलेली पोरं आणि त्यांच्या दाया.

काका दुखावले. मिलिमीटरपर्यंत मोजून दिलं होतं त्यांनी.

"दाजी, एक सांगायचं राहिलं," मेहुणा फोनवर म्हणाला. "पेटी हलवायची तर एक तर हातभर हलवायची, नाहीतर कोसभर. मधलं चालत नाही. त्यांना घराची जागा पाठ असते. कोसभर नेली की नव्याने पाठ करतात."

"हे आधी सांगायचं!"

"तो चौथा व्हिडिओ होता."

कोसभरावर काकांच्या ओळखीची एकच जागा होती. कचेरी.

*

नवी पेटी.

ती टॅक्सीतून गेली. चादरीत गुंडाळून, काका आणि काकू यांच्या मधे, तापलेल्या मुलासारखी. दार बंद केलेलं असलं तरी आतला आवाज चादरीला जुमानत नव्हता.

"काय आहे?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"रेडिओ," काका म्हणाले.

"स्टेशन लागत नाहीये."

"जुना आहे."

"बंद करा की मग."

"बंद होत नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या माहेरचा आहे."

ड्रायव्हरने मान डोलावली. पुढच्या सिग्नलपर्यंत त्याचा चेहरा सैल पडला होता, त्यापुढच्या सिग्नलपर्यंत तो त्याच सुरात गुणगुणायला लागला होता, आणि उतरताना म्हणाला, "विकणार असाल तर सांगा."

कचेरीच्या फाटकावर पहारेकऱ्याने आवक-जावक वही पुढे केली.

"नग किती?"

काका खोटं बोलत नाहीत. ड्रायव्हरशी बोलले ते बायकोसमोर, ते धरायचं नसतं. "अंदाजे दहा हजार," ते म्हणाले.

पहारेकऱ्याने लिहिलं. "परत नेताना तेवढेच न्यायचे. जास्त झाले तर जास्तीचे इथेच ठेवायचे."

"जास्तीचे का?"

"कचेरीच्या आवारात झाले ना? मग ते कचेरीचे."

काका यावर खूप वेळ विचार करत राहिले. या हिशोबाने त्यांचा अर्धा जन्म कचेरीचाच होता.

पेटी आरेखन विभागाच्या मागच्या गॅलरीत ठेवली. खाली कुणाची तरी विसरलेली बाग होती, तिला फुलं आलेली होती आणि ती बघायला कोणी येत नव्हतं. नव्या जागेला माश्यांनी दारातच मागे वळून, लहान लहान गोल घेऊन पाठ करून टाकलं. आठवडाभरात काकांना चौकटीत तांदळाच्या कण्यांसारखी उभी अंडी दिसली. राणी इथे आली होती! ती चालताना बाकीच्या वाट सोडत होत्या, धक्काबुक्की न करता. काकांनी कचेरीत असं कधी पाहिलं नव्हतं.

*

जुनी पेटी.

तिच्याकडे काका रोज सकाळी दोन मिनिटं बघत. उडणाऱ्या सगळ्या माश्या तिच्यातच होत्या, फुलोरा जोरात होता, सगळं बरं चाललं असणार. एकदाच त्यांनी एक चौकट वर काढली आणि त्यांच्या भिवया आवळल्या गेल्या. खालच्या कडेला काहीतरी वाकडं लोंबत होतं. भुईमुगाच्या शेंगेसारखं, सुरकुतलेलं, एक नाही, चारपाच. बाकी चौकट अशी सुरेख, सहा कोपऱ्यांचं नेमकं काम, आणि तळाला हे? एखाद्या गवंड्याने उरलेला गिलावा थापावा तसं. काकांनी पट्टी कडेला लावली आणि सुरीने सगळं सरळ रेषेत छाटून टाकलं.

छान दिसायला लागली चौकट.

*

नवी पेटी.

दुपारी गॅलरीचं दार उघडं असे आणि आवाज आत येई. मोठा नव्हे. कुणीतरी दूर, बंद खोलीत, तोंड मिटून एकच ओळ म्हणत राहावं तसा. पहिल्या आठवड्यात लोक दचकत. दुसऱ्या आठवड्यात टंकलेखिका बाई अर्ध्या ओळीवर थांबून खिडकीबाहेर बघायला लागल्या. लेखापाल बेरीज करता करता हसायचे. शिपाई चहा आणायला जायचा तो गॅलरीतून जायचा, आणि चहा गार व्हायचा, आणि गार चहाबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

आणि काका, समोर कागद, हातात पेन्सिल, आवाज आत येतोय, ते जिना काढतायत, पायरी, मग पायरी, पायरीला कोपरा, कोपऱ्याला आणखी कोपरा, असा सहा कोपऱ्यांचा, मऊ मेणाचा जिना, पिवळ्या उजेडात वर चाललेला, प्रत्येक पायरीवर कुणीतरी कुणालातरी काहीतरी तोंडात भरवतंय, कोणी वर जायची घाई करत नाही, काका पट्टी शोधतायत पण खिशात पट्टी नाही, खिशात परागाची पिवळी गोळी आहे, आणि कुणीतरी त्यांना खांद्याला धरून हळूच

"काका."

कचेरीच्या मुख्य मॅडम होत्या. हातात काकांचाच नकाशा.

"हा जिना कुठे जातो?"

काकांनी बघितलं. जिना तळमजल्यावरून निघत होता, दोन मजले चढत होता, आणि मग सरळ भिंतीबाहेर, कागदाच्या कडेला जात होता.

"फुलांकडे," असं त्यांच्या तोंडून येणार होतं. ते म्हणाले, "दुरुस्त करतो."

मॅडम गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या. जरा जास्तच वेळ राहिल्या. मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "काका, माझी काही तक्रार नाही. पण विभागात कामच होत नाहीये. सगळे सुखात आहेत. असं चालत नाही. सोमवारपासून गॅलरी मोकळी हवी."

म्हणजे आता दोन्ही पेट्यांना जगात एकच जागा उरली: गच्ची. आणि गच्ची बाटल्यांवर टांगलेली.

*

शनिवारी संध्याकाळी गाण्याच्या बाई हट्टाने वर आल्या. जुन्या पेटीला कान लावला. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला.

"काका, रडतायत हो."

"मस्त मध आहे आत. जड झालीय पेटी."

"असेल. पण रडतायत. आई नाहीये यांना."

काकांनी मेहुण्याला फोन लावला.

"राणी नसली तर त्या स्वतः नवी करतात, दाजी," तो म्हणाला. "घाबरू नका. चौकटीच्या खाली शेंगेसारखं लोंबेल काहीतरी. त्यात राणी वाढते. त्याला फक्त हात लावू नका."

काकांचा हात खिशातल्या पट्टीवर गेला.

"दाजी? शेंगा दिसल्या का?"

"दिसल्या होत्या."

"मग?"

"वाकड्या होत्या रे."

पलीकडून काकांना फक्त मेहुण्याच्या घरातला पंखा ऐकू आला.

रात्री काकांनी ताट बाजूला सारलं. चूक त्यांच्या नीट लक्षात आली होती आणि तीच त्यांना छळत होती. भरवायला पिल्लं नाहीत, म्हणून त्या माश्यांनी आणलेला सगळा मध साठवून ठेवला. म्हणूनच पेटी इतकी जड झाली. त्यांना गच्ची मिळवून देणारा मध म्हणजे एका घराचं मरण होतं. नव्या माश्या जन्मत नव्हत्या, जुन्या झिजत होत्या.

"काही करता येईल?" काकूंनी विचारलं.

"कचेरीतली एक चौकट आणून जुन्या पेटीत घालायची. अंडी असलेली. त्यातून राणी करतील. पण तोवर खायला लागेल, आता बाहेर जाणाऱ्याही थकल्यात. मधाची एक चौकट मागे ठेवावी लागेल."

"मग बाटल्या पुरतील?"

काकांनी बोटांवर घरं मोजली आणि शेवटचं बोट दुमडलं. मोजण्याच्या बाबतीत त्यांना कधी उत्तर शोधावं लागत नसे.

*

रविवार. फाटकावर:

"जावक, एक चौकट. माश्या किती?"

"थोड्या."

"थोड्या असा आकडा नसतो, साहेब."

"मग तुम्ही मोजा," काका म्हणाले आणि चौकटीवरची चादर बाजूला केली. पहारेकऱ्याने मनापासून प्रयत्न केला. शेवटी त्याने वहीत 'थोड्या' असं लिहिलं आणि खाली सही केली.

गच्चीवर मध काढायचं यंत्र गरगरत होतं. काकूंनी चाक फिरवायला घेतलं होतं आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. जिन्यात रांग. प्रत्येकाच्या हातात स्वतःची रिकामी बाटली. दातांच्या डॉक्टरांची सगळ्यात मोठी होती, ती नियमात बसत नाही म्हणून बदलून आणायला लावली. मध उन्हातून खाली येताना इतका सावकाश येत होता, की लोकांनी बोलणंच सोडलं. ते बघत राहिले. भरलेली बाटली मिळाली की माणूस ती छातीशी धरून दोन पायऱ्या उतरे आणि तिथेच बसून राही.

सचिव रांगेत सर्वांत शेवटी. पदाधिकाऱ्याने शेवटी घ्यावं, हाही त्यांचा नियम.

त्यांची पाळी आली तेव्हा नळीतून एक थेंब आला, लांबला, विचारात पडला आणि तिथेच थांबला.

"संपला?" सचिव म्हणाले.

"संपला," काका म्हणाले.

सचिवांनी जुन्या पेटीत डोकावून बघितलं. "ती एक आहे की. भरलेली."

"ती त्यांची आहे."

"काका, मी नियम सांगितला होता."

"सांगितला होता."

"मग काढा ती."

जिन्यातले सगळे बाटल्या जरा घट्ट धरून बघत होते. आपली द्यावी असं काहींच्या मनात आलंही असेल, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

काकांनी आयुष्यात साहेबाला, सचिवाला, अगदी रांगेत पुढे घुसणाऱ्यालाही नाही म्हटलं नव्हतं. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"नाही काढणार. आधीच मी त्यांचं वाटोळं केलंय. आता वर त्यांचं खाणंही काढून घेणार नाही."

"मग उद्या गच्ची मोकळी."

"करतो," काका म्हणाले. "दोन्ही पेट्या कुणाला तरी देऊन टाकीन. पण ही अंड्यांची चौकट आधी आत जाऊ दे. मला जागा करायचीय. धरा जरा."

आणि काही कळायच्या आत त्यांनी चौकट सचिवांच्या हातात दिली.

"अहो! अहो काका! मी? चावतील!"

"हलू नका," काकू म्हणाल्या. "लहान आहेत त्या. नुसते उभे राहा."

सचिव उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हात पुढे, रिकामी बाटली काखेत. काका पेटीत वाकून चौकटी सरकवत होते. ऊन कलत होतं. सचिवांच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, मेणाचं एक मातकट झाकण हललं.

त्याला भोक पडलं. भोकातून एक मिशी बाहेर आली, इकडेतिकडे फिरली, परत आत गेली. मग पुन्हा कुरतडणं. मग अख्खं डोकं, करडं, केसाळ, झोपेतून उठवल्यासारखं वैतागलेलं. खांदे अडकले. ती थांबली. दमली होती.

"काका," सचिव ओठ न हलवता म्हणाले, "ही अडकलीय."

"निघेल."

"मदत करू का?"

"नाही. तिचं तिला करू द्या."

सचिवांनी श्वास रोखला. तिने खांदा सोडवला, एक पाय काढला, दुसरा काढला, आणि एकदम सगळीच बाहेर आली. ओली, फिकट, पंख चिकटलेले. चार पावलं चालली आणि सचिवांच्या अंगठ्यावर चढली. तिथे बसून तिने जीभ बाहेर काढली. तिला अजून चावता येत नव्हतं. तिला अजून काहीच येत नव्हतं.

"हिला भूक लागलीय का?" सचिवांनी कुजबुजत विचारलं.

"जन्मल्या जन्मल्या लागतेच."

"काय खातात या?"

"मध," काका म्हणाले.

सचिवांनी पेटीत बघितलं. ती एक चौकट तिथे भरलेली, मेणाने बंद केलेली. मग अंगठ्याकडे बघितलं. काखेतली बाटली घसरत घसरत गच्चीवर पडली, गडगडत टाकीपर्यंत गेली, आणि त्यांनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"राहू दे ती तिथेच," ते म्हणाले.

"आणि नियम?"

"बोलू नका हो इतक्या मोठ्याने."

जिन्यातून मागच्यांना काही दिसत नव्हतं. "काय झालं? काय झालं?" अशी कुजबुज वर आली.

"बाळंतपण," काकूंनी खाली सांगितलं.

दातांचे डॉक्टर बाटली छातीशी धरून दोन पायऱ्या चढले आणि मान उंचावून बघायला लागले. "सचिव, मग गच्ची उद्या मोकळी करायची ना?"

"श्श," सचिव म्हणाले. "दुसरी येतेय."